योनीनास : लाकडात घडलेला लिथुआनियन शिल्पकार परदेशात काचेकडे का वळला?

प्रश्न

दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील लिथुआनियन कलेविषयी वाचताना विताउतास काझिमिएरास योनीनास (१९०७–१९९७) या कलावंतापाशी अडलो आहे. कौनासच्या कला विद्यालयात शिकल्यावर त्यांनी १९३१ ते १९३५ या काळात पॅरिसमध्ये राहून, फर्निचर आणि हस्तकलांसाठी नावाजलेल्या एकोल बूल या संस्थेत लाकडी शिल्पाचे रीतसर शिक्षण घेतले. मायदेशी परतून ते कौनासच्याच विद्यालयात शिकवू लागले. असे असताना पुढे अमेरिकेत त्यांचे नाव झाले ते बरेचसे चर्चमधील रंगीत काचचित्रांमुळे. हा बदल आवडीचा होता की परिस्थितीचा? शिवाय त्यांच्या लाकडी कामावर लोककलेचा प्रभाव कितपत मानावा? जाणकारांनी लिहावे.

प्रतिसाद १

दुसरा मुद्दा आधी घेतो, कारण तो अधिक रोचक आहे. लिथुआनियाच्या खेड्यांत स्वतःच्या हिमतीवर शिकलेले मूर्तिकार रस्त्याकडेला आणि दफनभूमीत लाकडी क्रूस उभारत असत. १८६३ मध्ये रशियन सत्तेविरुद्ध झालेल्या उठावानंतर त्या सत्तेने अशा क्रूसांवर बंदी घातली, तरी ही कला टिकली. २००८ मध्ये तिचा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. या परंपरेतील सर्वांत मोठे नाव विंत्सास स्विर्स्किस (१८३५–१९१६) यांचे. ते ओकच्या एकाच खोडातून अख्खा क्रूस कोरून काढत. ख्रिस्त, मरिया आणि संत यांच्या आकृती वेगळ्या करून ठोकलेल्या नसत, तर त्याच लाकडातून पुढे आलेल्या असत, आणि त्यामुळे खोडाचा घेर आकृतीच्या खांद्यांत, वस्त्राच्या चुण्यांत जाणवत राही.

१९३२ मध्ये पुढे आलेल्या ‘आर्स’ या लिथुआनियन कलावंतांच्या गटाला हीच परंपरा आधुनिक कलेशी जोडायची होती. योनीनास आणि शिल्पकार युओझास मिकेनास हे दोघेही त्या गटात होते. १९३७ च्या पॅरिसमधील जागतिक प्रदर्शनात बाल्टिक देशांच्या दालनात मिकेनास यांनी हनुवटीला हात लावून बसलेला चिंतामग्न ख्रिस्त मांडला. हा विषय थेट खेड्यातल्या मूर्तिकारांचा. माझ्या मते मात्र प्रभाव विषयात शोधण्यापेक्षा लाकूड हाताळण्याच्या पद्धतीत शोधावा.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे, पण योनीनास यांच्या बाबतीत एक भर घालावी लागेल. लाकडातील त्यांचे सर्वांत परिचित काम शिल्प नसून मुद्राचित्रे, म्हणजे कोरलेल्या ठोकळ्यावर शाई लावून कागदावर छापलेली चित्रे, आहेत. अठराव्या शतकातील लिथुआनियन कवी दोनेलाइतिस यांच्या ‘मेताय’ (‘ऋतू’) या काव्याच्या १९४० च्या आवृत्तीसाठी त्यांनी लाकडी ठोकळ्यांवर चित्रे कोरली. या प्रकारात छेदलेला भाग छापताना पांढरा राहतो, म्हणजे कलावंत अंधारातून उजेड कोरून काढत असतो. काचचित्रातही काळ्या चौकटींमधून प्रकाशच आकार घेतो. त्यामुळे लाकडाकडून काचेकडे झालेले हे वळण आपल्याला वाटते तितके अचानक नाही.

तरीही कारण विचाराल तर मी परिस्थितीलाच अधिक वजन देईन. १९४४ मध्ये देश सोडल्यावर ते जर्मनीत पोहोचले. युद्धानंतर फ्रान्सच्या ताब्यात असलेल्या विभागातील फ्रायबुर्गमध्ये १९४६ ते १९४९ या काळात त्यांनी निर्वासितांसाठी कला-हस्तकला विद्यालय चालवले आणि त्या विभागासाठी टपाल तिकिटेही आखली. १९५१ मध्ये अमेरिकेत गेल्यावर त्यांनी फोर्डम विद्यापीठात अध्यापन केले. निर्वासित कलावंताला खात्रीचा आश्रयदाता म्हणजे चर्च, आणि नव्याने बांधल्या जाणाऱ्या चर्चला खिडक्या हव्या असत. न्यूयॉर्कच्या मॅस्पेथ भागातील लिथुआनियन चर्चमध्ये त्यांचे काम आहे. व्हॅटिकनमध्ये सेंट पीटरच्या तळघरातील लिथुआनियन प्रार्थनागृहही (१९७०) त्यांनीच सजवले.

प्रतिसाद ३

परिस्थितीचे कारण सर्वांना सरसकट लावता येणार नाही. आंतानास मोंचिस (१९२१–१९९३) हे फ्रायबुर्गच्याच शाळेत शिकले, १९५० च्या सुमारास पॅरिसला गेले, शिल्पकार ओसिप झाडकिन यांच्या हाताखाली शिकले आणि अखेरपर्यंत लाकडाला धरून राहिले. एकाच खोडातून कोरलेल्या, एकमेकींत अडकलेल्या सुट्या कड्यांच्या साखळ्या ही त्यांची ओळख. जोड कुठेच नसतो, आणि एक कडी फुटली तर सगळे काम वाया जाते. त्यांची शिल्पे लोकांनी हाताळावीत अशी त्यांची इच्छा होती. लिथुआनियातील पालांगा येथील त्यांच्या संग्रहालयात ती पाळली जाते.

उलट विताउतास काशुबा (१९१५–१९९७) न्यूयॉर्कमध्ये शिशाच्या पत्र्यावरील उत्थित (सपाट पृष्ठभागातून उठून दिसणाऱ्या) शिल्पांकडे वळले. तेव्हा परदेशात लाकूड सुटलेच पाहिजे असा नियम काढता येत नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. आश्रयदात्याचा मुद्दा पटला. मोंचिस यांच्यापाठीशी चर्चच्या कामांचा तसा आधार होता का, हे आता पाहीन. योनीनास यांची मूळ कामे एकत्र कुठे पाहता येतील?

प्रतिसाद २

लिथुआनियातील दृस्किनिन्काय येथे त्यांच्या नावाचे कलादालन आहे. तिथे मुद्राचित्रे, शिल्पे आणि काचेची कामे एकाच फेरीत पाहता येतात. आधी मुद्राचित्रे पाहावीत, असे सुचवेन.