११५ चौरस इंच, २२५ ग्रॅमची रॅकेट दुहेरीसाठी कशी चालते?

दुहेरीवाला:
वय ५४, आठवड्यातून तीन दिवस हार्ड कोर्टवर टेनिसची दुहेरी. सध्याच्या रॅकेटचा चेहरा (तारांचा भाग) ९८ चौरस इंच, वजन तारांशिवाय ३०५ ग्रॅम. दुसऱ्या सेटपासून खांदा बोलायला लागतो आणि नेटवर रॅकेट वेळेत पुढे येत नाही. हेड कंपनीची टीआय एस६ घ्यावी असं मनात आहे: ११५ चौरस इंच, २२५ ग्रॅम, लांबी २७.७५ इंच. फोरहँड मी पूर्ण स्विंगने मारतो, तो बाहेर जाईल का? जोरदार सर्व्हिस परतवताना हातात फिरेल का? कोपराचं काय? आणि गटिंग (तारा ताणून बसवणं) किती पाऊंडांत करायचं? सध्या ५२ वर मल्टिफिलामेंट (अनेक बारीक धाग्यांची मऊ तार) आहे. ‘हातात घेऊन बघा’ हे सोडून काहीही सांगा.

बॅकस्पिन:
२२५ हा दुकानातला आकडा. गटिंगचे १७-१८ ग्रॅम आणि ओव्हरग्रिपचे (मुठीवर वरून गुंडाळायच्या पातळ पट्टीचे) ५-६ धरले की हातात येते ती २५० ग्रॅमची रॅकेट. पण वजन किती यापेक्षा ते बसलंय कुठे हे बघा. हिचा बॅलन्स (तोलाचा बिंदू) मुठीच्या टोकापासून ३८ सेंमीवर आहे. लांबी ७०.५ सेंमी, म्हणजे मध्य येतो ३५.२५ वर. वजन पावणेतीन सेंमी टोकाकडे झुकलेलं आहे. म्हणून उचलताना पिसासारखी लागते, फिरवताना तितकी हलकी लागत नाही. खांद्याला आराम मिळेल, पण निम्म्याने नाही.

आता कोर्टवर. छोट्या स्विंगच्या फटक्यांना ही रॅकेट सोन्यासारखी आहे. ब्लॉक केलेला रिटर्न, लॉब, नेटवरची ठोसा-व्हॉली, सगळ्यात चेंडू आपसूक खोल जातो. मध्यापासून दोन बोटं बाजूला लागलेला चेंडूही नेट ओलांडतो, कारण चेहरा रुंद आहे आणि फ्रेमचं वजन कडेला लांब आहे. रॅकेट मुठीभोवती गरकन फिरायला विरोध करते तो त्यामुळेच.

मात्र फिरणं वेगळं आणि मागे ढकललं जाणं वेगळं. चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅमचा असतो, तुमची रॅकेट त्याच्या साडेचार पटही नाही. समोरचा दणकून सर्व्ह करत असेल आणि तुम्ही हात सैल सोडून रॅकेट नुसती धरली, तर ती मागे रेटली जाते आणि रिटर्न सर्व्हिस बॉक्समध्येच आखूड पडतो. उपाय: चेंडू अंगाच्या पुढे घ्या, मनगट कडक ठेवा, एक पाऊल पुढे टाका. वजन शरीराने द्यायचं, कारण रॅकेटकडे ते नाही.

पूर्ण स्विंगचा फोरहँड बाहेर जाणार. थोडा नाही, बराच. फ्रेम २८.५ मिमी जाड आणि ताठ आहे, ती वाकून ऊर्जा खात नाही. वर १६ उभ्या १९ आडव्या तारा एवढ्या मोठ्या चेहऱ्यावर पसरल्यात, घरं मोठी आहेत, त्यामुळे चेंडू तारांवरून जरा वरच्या कोनात निघतो. मागे नेणं अर्ध्यावर आणा, रॅकेट खांद्याच्या रेषेमागे जायला नको. दुहेरीत तसेही बहुतेक फटके क्रॉसकोर्ट. तिथे नेट मध्यावर ९१.४ सेंमी असतं, खांबांशी १.०७ मीटर. आत्ता नेटच्या मीटरभर वरून मारत असाल तर अर्ध्या मीटरवर या.

स्लाइस (चेंडू खालच्या दिशेने कापून मारलेला फटका) ही हिची सगळ्यात दुबळी बाजू. चेंडू खाली न राहता तरंगतो आणि नेटवरच्या गड्याला आयती व्हॉली मिळते. आणखी एक, जे दुकानात कुणी सांगत नाही: थेट अंगावर आलेला चेंडू. पाऊण इंच जास्त लांबी आणि रुंद चेहरा पोटासमोरून आडवा काढायला जागाच पुरत नाही. तिथे बॅकहँड बाजूनेच घ्यायची सवय लावा.

नेटचा_राजा:
ओव्हरसाइझ, म्हणजे मोठ्या चेहऱ्याची, ही पेन्शनरांची रॅकेट. ९८ वरून ११५ वर गेलात की फटक्यांचं वळण बिघडलंच समजा. १०० चौरस इंच, २८० ग्रॅम घ्या आणि विषय संपवा.

जुनी_लाकडी:
पेन्शनरांची? हॉवर्ड हेडची ११० चौरस इंचांची प्रिन्स १९७६ साली आली, तेव्हाच्या लाकडी रॅकेटी ६५-७० चौरस इंचांच्या होत्या. तेव्हाही लोक हसले होते. १९७८ मध्ये पॅम श्रायव्हर तीच घेऊन वयाच्या १६व्या वर्षी यूएस ओपनच्या अंतिम फेरीत गेली. आगासी १०७ ने खेळला. नियमाचं म्हणाल तर तारांचा पृष्ठभाग ३९.४ सेंमी लांब आणि २९.२ सेंमी रुंदपर्यंत चालतो. लंबगोल धरला तर तो १४० चौरस इंच होतो. म्हणजे ११५ नंतरही बरीच जागा शिल्लक आहे.

तुमच्या म्हणण्यात एक गोष्ट मात्र खरी. आगासीची रॅकेट मोठी होती, हलकी नव्हती. मोठा चेहरा आणि कमी वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक त्यांची एकच मोट बांधतात. प्रश्नकर्त्याला त्रास आहे तो वजनाचा. त्यामुळे तुमचा १००/२८० चा पर्यायही चुकीचा नाही. पण त्यात चुकलेला चेंडू सांभाळून घेण्याची सोय ११५ इतकी नाही, आणि तिन्ही दिवस दुहेरी खेळणाऱ्याला ती सोय स्पिनपेक्षा जास्त लागते.

तारकरी:
गटिंगचं मी सांगतो.

चेहरा वाढला की तारा लांब होतात आणि लांब तार त्याच ताणावर जास्त खोल दबते. तारांची संख्या तीच असेल तर साधा हिशेब असा: क्षेत्रफळाच्या गुणोत्तराचं वर्गमूळ काढा. ११५ भागिले ९८, वर्गमूळ १.०८. तुमचे ५२ पाऊंड गुणिले १.०८, म्हणजे ५६. एवढ्याने तारांचा दबाव आत्ताइतकाच लागेल. पण ही फ्रेमच मुळात जास्त उसळवते, म्हणून ५८ पासून सुरुवात करा. आधी फ्रेमवर छापलेली रेंज वाचा, वरच्या आकड्यापुढे जाऊ नका.

तार मल्टिफिलामेंटच, १.३० मिमी. घरं मोठी असल्यामुळे तारा सरकतात आणि एकमेकींना कापतात, १.२५ लवकर तुटेल. पूर्ण पॉलिएस्टर या फ्रेमवर घालू नका. हलकी रॅकेट धक्का स्वतः पचवत नाही, ताठ फ्रेम तो तसाच पुढे पाठवते आणि त्यात पॉलिएस्टर घातलं की उरलेला सगळा कोपरात. टेनिस एल्बो बऱ्याचदा असा येतो आणि दोष बिचाऱ्या बॅकहँडला मिळतो.

गटिंगवाल्याला दोन प्रश्न विचारा. मशीन कोणतं? हँडल फिरवून लॉक होणारं क्रँक मशीन असेल तर लॉक झाल्यावर तार सैलावते, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक किंवा वजनाच्या दांड्याच्या मशीनच्या तुलनेत तारांचा पट दोन-तीन पाऊंडांनी सैल लागतो. तिथे ६० सांगा. दुसरं, काटा किलोत आहे की पाऊंडात? ५८ पाऊंड म्हणजे २६.३ किलो. ‘२६ करतो साहेब’ म्हणाला तर तुम्हाला ५७ मिळाले.

जुन्या तारा कापायला सांगताना मधून सुरू करून आळीपाळीने बाहेरच्या बाजूला जायला सांगा. एका कडेने कापत गेलं की फ्रेमवर ताण एकतर्फी येतो. आणि १२ मीटरचं पाकीट असेल तर ओवायच्या आधी मोजून घ्यायला लावा. मोठ्या चेहऱ्यात शेवटच्या आडव्या तारेला टोक अपुरं पडलं की गाठ घाईत बांधली जाते आणि तीच पुढे सरकते.

दुहेरीवाला:
आभार. डेमो रॅकेट दोन दिवस खेळून पाहिली. तारा कोणत्या आणि किती ताणावर हे दुकानदारालाही ठाऊक नव्हतं. लॉब आणि व्हॉली सुरेख. फोरहँड बेसलाइनच्या दीड-दोन हात बाहेर. रिटर्नला रॅकेट मागे रेटली जाते हे तंतोतंत खरं. मूठही घट्ट आवळली जाते, संध्याकाळी बाहू भरून येतो. डॅम्पनर (तारांत बसवायचा रबरी तुकडा) लावला तर फरक पडेल? आणि शिशाची पट्टी लावून वजन वाढवलं तर मूळ हेतूच गेला ना?

बॅकस्पिन:
डॅम्पनरने आवाज जातो. टणकारा बंद झाला की बरं वाटतं इतकंच, हाताला बसणारा धक्का तेवढाच राहतो.

बाहू भरून येतोय तो आवळण्यामुळे. हलकी रॅकेट हातात थरथरते, म्हणून माणूस नकळत मूठ घट्ट करतो. ग्रिप बारीक असेल तर आणखीच. आत्ता एल२ (ग्रिपच्या जाडीचा नंबर) असेल तर एक जादा ओव्हरग्रिप गुंडाळून पाहा, साधारण अर्धा नंबर वाढतो.

शिशाने हेतू जात नाही, कुठे लावता यावर आहे. स्विंगवेट, म्हणजे रॅकेट फिरवायला किती जड लागते त्याचा आकडा, मोजतात ते मुठीच्या टोकापासून १० सेंमीवरच्या अक्षाभोवती. तिथेच वजन टाकलं तर फिरवायला काहीच जड होत नाही, पण एकूण वस्तुमान वाढतं आणि तोल मुठीकडे येतो. हेच वजन टोकाला टाकलं तर? तिथे प्रत्येक ग्रॅम स्विंगवेट साडेतीन अंकांच्या आसपास वाढवतो. टोकाला हात लावू नका.

असं करा. ६ मिमी रुंदीची पट्टी घ्या, साधारण १० सेंमीला १ ग्रॅम पडते. वजनकाट्यावर एक तुकडा तोलून खात्री करा. मूळ ग्रिप उलगडा. मुठीला आठ बाजू असतात. प्रत्येक बाजूवर १५ सेंमीचा एक तुकडा, टोकापासून अडीच सेंमीवर सुरू करून साडेसतरावर संपवायचा, म्हणजे मधोमध बरोबर १० सेंमी. आठ तुकडे, १२ ग्रॅम. आठही बाजूंवर सारखं लावा, दोनच बाजूंवर थर चढवले तर मुठीच्या कडा बोटांना चुकीच्या लागतात. वरून पातळ चिकटपट्टी, मग ग्रिप परत. शिसं आहे, हात साबणाने धुवा.

तारा आणि ओव्हरग्रिपसकट बॅलन्स ३८.४ च्या आसपास असेल. या १२ ग्रॅमनंतर तो ३७.१ वर येईल, वजन २६० होईल. तुमच्या ३०५ वाल्या रॅकेटपेक्षा, जी तारांसकट ३२५ च्या पुढे आहे, अजूनही साठ-पासष्ट ग्रॅम कमी. एवढ्यावर आठवडाभर खेळा.

रिटर्नला तरीही फिरतेय असं वाटलं तरच घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी, फ्रेमच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे २-२ ग्रॅम. त्याने स्विंगवेट सातेक वाढेल, बॅलन्स जेमतेम २ मिमी पुढे सरकेल. त्याहून जास्त नको.

तारकरी:
आणि हे सगळं गटिंगनंतर. डेमोच्या तारा किती जुन्या कुणास ठाऊक, मेलेल्या सैल तारांवर फोरहँड दीड हात बाहेर जाणारच. आधी ५८ वर ताज्या तारा, दोन दिवस खेळणं, मग शिसं. दोन्ही एकदम बदललं तर कशाने काय झालं ते कळणार नाही. मल्टिफिलामेंट पहिल्या दिवसातच थोडी उतरते, त्यामुळे पहिला तास कडक लागला म्हणून परत घेऊन येऊ नका.

नेटचा_राजा:
बरं, पेन्शनर शब्द मागे घेतो. स्लाइस तरंगतो ते मात्र राहिलंच.

बॅकस्पिन:
राहिलंच, आणि शिशाने जाणार नाही. चेहरा आत्ता ठेवता त्यापेक्षा कमी उघडा ठेवा, वरून खाली कापण्याऐवजी चेंडूमागून पुढे सरळ ढकला. नेटवरचा गडी उंच असेल तर त्या बाजूने स्लाइस मारूच नका, लॉब करा. त्या फटक्याला ही रॅकेट ९८ पेक्षा चांगली आहे.