‘हर्बेशिअस बॉर्डर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: इंग्लंडमधल्या जुन्या बागांविषयीच्या मराठी मजकुरात ‘हर्बेशिअस बॉर्डर’चं (भिंतीच्या किंवा कुंपणाच्या कडेने लावलेल्या फुलझाडांच्या रुंद पट्ट्याचं) भाषांतर बहुधा ‘औषधी वनस्पतींची किनार’ असं केलेलं असतं. ते बरोबर आहे का? जाता जाता ‘हा-हा’ला, म्हणजे त्या बागांच्या कडेला जमिनीत बुडवलेल्या भिंतीला, काय म्हणावं तेही सांगा.

• ‘औषधी’ आणि ‘किनार’ दोन्ही शब्द चुकलेत. आधी ‘औषधी’चं बघू. इथे औषधाचा काही संबंध नाही. खोडाला लाकूड धरत नाही अशा झाडाला मराठीत ‘ओषधी’ म्हणतात, आणि एका मात्रेने घोळ होतो. त्यातही या बॉर्डरमध्ये असतात त्या बहुवर्षायू ओषधी: डेल्फिनियम, फ्लॉक्स, हेलेनियम. थंडीत वरचा भाग वाळून जातो, जमिनीखालचा गड्डा जिवंत राहतो आणि वसंतात पुन्हा फुटतो. आपल्याकडे भुईचाफा असाच वागतो, फक्त तो थंडीने नाही, पाऊस सरल्यावर झोपतो. म्हणूनच एप्रिलमध्ये अशी बाग बघायला गेलं तर उघडी माती दिसते. जुलै-ऑगस्टमध्ये जावं.

• ‘किनार’ तर अजिबात नको. आपल्या नर्सरीत ‘बॉर्डरची झाडं’ म्हणजे वाटेच्या कडेने एका रांगेत लावायची बुटकी रोपं, ड्युरांटा किंवा अल्टरनँथेरा. मराठी वाचकाच्या डोळ्यासमोर तेच येणार. इंग्लिश बॉर्डर केवढी असते? इंग्लंडच्या सरे परगण्यात मनस्टेड वूडला बागरचनाकार गर्ट्रूड जेकिलची मुख्य बॉर्डर २०० फूट लांब आणि १४ फूट रुंद होती. चेशरमधल्या आर्ली हॉलला १८४६ साली आखलेली जोडबॉर्डर आहे: मधून हिरवळीची वाट, एका बाजूच्या झाडांपाठी विटांची भिंत, दुसऱ्या बाजूला यू या सदाहरित झाडाचं कापीव कुंपण. पाठ असणं हीच बॉर्डरची खूण. सगळीकडून फिरता येतं तो नुसता वाफा. म्हणून मी ‘भिंतीलगतचा ताटवा’ लिहीन.

• ‘ताटवा’ चांगला शब्द आहे, पण आपण झेंडूचा ताटवा म्हणतो, म्हणजे एकाच फुलाचा. इथे तर मागे सहा फुटी, पुढे गुडघ्याएवढी, अशी वीस-तीस जातींची उतरंड असते. एकेका जातीची तीन, पाच, सात रोपं जवळजवळ लावून पुंजके केलेले असतात. आणि ‘भिंतीलगत’ म्हणजे भिंतीला चिकटून असा समज होऊ नये. भिंत किंवा कुंपण आणि शेवटची रांग यांच्यात दीड-दोन फुटांची बोळ सोडतात. ती नसेल तर कुंपण कापायला माणूस शिरत नाही आणि यूची मुळं ताटव्यातलं पाणी ओढून घेतात. मागची रांग खुरटते ती याच कारणाने.

• मग ‘मिश्र ताटवा’?

• तो शब्द आधीच अडकलेला आहे. ओषधींबरोबर झुडपं, कंद, वेलीही असतील तर ती ‘मिक्स्ड बॉर्डर’. ससेक्समधल्या ग्रेट डिक्स्टरची लांब बॉर्डर तशी आहे. दोन्हींना एकच नाव देऊ नका.

• हा-हा: गडाच्या खंदकाशी गल्लत नको. एका बाजूला, बागेकडच्या अंगाला, जमिनीत बुडवलेली उभी भिंत आणि कुरणाकडून तिच्या पायथ्याशी उतरत येणारा चर, अशी ती रचना. गुरं आत येत नाहीत आणि घरातून बघताना कुंपण दिसत नाही, हिरवळ थेट कुरणात गेल्यासारखी वाटते. इंग्लंडमध्ये स्टोच्या बागेत बघायला मिळतो. मी ‘बुडती भिंत’ लिहीन आणि पहिल्यांदा कंसात ‘हा-हा’ ठेवीन.

• क्रियापदांकडेही लक्ष द्या. सुकलेलं फूल ‘खुडतात’, फांदी ‘छाटतात’. ‘चेल्सी चॉप’ला छाटणी म्हटलं की वाचक गुलाबाची कात्री काढणार. मेअखेरीस, लंडनमध्ये चेल्सीचं पुष्पप्रदर्शन भरतं त्या सुमारास, सेडम, फ्लॉक्स, हेलेनियम यांची वाढ वरून एक तृतीयांश ते निम्मी उतरवतात. झाड बुटकं, भरगच्च होतं, काठीचा आधार लागत नाही, फुलं यायला मात्र चार-सहा आठवडे उशीर होतो. आपल्याकडे शेवंतीचा शेंडा मारतात तोच हा हिशोब: शेंडा गेला की बगलफुटवे येतात. तेव्हा ‘शेंडे मारणे’. घरच्या बागेत करणाऱ्यांनी पिओनी आणि बेअर्डेड आयरिसला हात लावू नये. त्यांची फुलं तेव्हाच येत असतात, त्या वर्षीचा बहर जातो.

• मग माझ्या भाषांतरातलं वाक्य असं करते: ‘कुंपणालगतच्या ओषधी-ताटव्यात मेअखेरीस फ्लॉक्सचे शेंडे मारतात आणि मुळांवर दोन-तीन इंच पानखताचं आच्छादन घालतात.’

• ‘मुळांवर’च्या जागी ‘झाडांच्या मधल्या मातीवर’ करा, आणि आच्छादन मार्चमध्ये घ्या, फुटवे वर यायच्या आधी. गड्ड्यावर ओलं पानखत चढलं की कोंब कुजतात.