मदत हवी आहे: दिवंगत अभिनेत्रीच्या पत्रांतून आठवणींचं पुस्तक

माझी मावशी रंगभूमीवर काम करायची. तिनं मैत्रिणीला लिहिलेली पत्रं आता माझ्याकडे आहेत. त्यांतून, तिच्याच शब्दांत पुस्तक जुळवतेय. बऱ्याच पत्रांवर तारीखच नाही, नुसतं 'मंगळवार, दौऱ्यावर'. पोस्टाचे शिक्के आणि जुन्या वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिराती ताडून क्रम लागतोय, ते होईल. पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याच्या वारसांकडे जातो. तीही परवानगी मिळालीय.

अडलंय ते सहकलाकारांपाशी. त्यांच्याबद्दल मावशीनं फारच फटकळ लिहिलंय, आणि काहीजण हयात आहेत. (नेमका तोच भाग सगळ्यांत वाचनीय!) नावं गाळू, आद्याक्षरं ठेवू, की आधी त्यांनाच मजकूर दाखवू? असं संपादन कुणी केलंय का? गाळलेल्या जागा छापताना कशा दाखवल्यात?