मदत हवी आहे: व्हिक्टर एकपुक यांच्या चित्रांतली चिन्हं

नायजेरियात १९६४ साली जन्मलेल्या चित्रकार व्हिक्टर एकपुक यांच्यावर आमच्या मंडळात २० मिनिटं बोलायचंय. त्यांच्या कामामागे न्सिबिदी आहे, म्हणजे क्रॉस रिव्हर भागातल्या एक्पे या गुप्त मंडळाच्या विधींत वापरली जाणारी चिन्हं. पण चित्रांतली बरीचशी चिन्हं त्यांनी स्वतःच रचलेली आहेत आणि तिथेच माझं घोडं अडलंय. प्रदर्शनांच्या टिपा वाचल्या. एक्पेवाले नेसतात त्या निळीत रंगवलेल्या उकारा कापडाचे फोटो चित्रांशेजारी ठेवून पाहिले. दोन-चार आकार जुळल्यासारखे वाटले, बाकी अंदाजच. दीक्षा घेतलेल्यांपुरते राखलेले अर्थ मला नकोत, आणि ‘आपल्या वारलीसारखंच की’ हेही नको. पारंपरिक चिन्ह कोणतं आणि एकपुकांचं कोणतं, हे ओळखायला चित्रात नेमकं काय पाहावं?