‘प्रार्थनेत आठवण ठेवते’ म्हटलं खरं...

इमान राखण्याचा हा विषय माझ्याच एका लाजेतून निघाला. चर्चमधली उपासना संपल्यावर दारात एक बाई म्हणाल्या, "मुलाचं ऑपरेशन आहे, प्रार्थना करा हं." मी म्हटलं, "हो, नक्की." पुढच्या रविवारी त्यांनी दोन्ही हात धरून आभार मानले, तेव्हा आठवलं, मी एकदाही केली नव्हती. वर "प्रभूची कृपा" म्हणून मोकळी झाले! आता कुणी सांगितलं की तिथेच उभ्याउभ्या करते, नाव वहीच्या मागच्या पानावर लिहिते. तुमचेही अनुभव लिहा. मोठे त्याग नकोत, रोजच्या जगण्यात प्रभूशी आणि माणसांशी इमान राखताना काय होतं ते लिहा. फसलेलंही चालेल.

*

मी मंडळीचं, म्हणजे आमच्या चर्चचं, दान मोजायला बसतो. जोडीदार जुना मित्र. एकदा त्याने दानाच्या पाकिटातली रक्कम उचलली, "महिनाअखेर भरतो, कुणाला बोलू नकोस." मी गप्प राहिलो, आणि त्यालाच मैत्री समजलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. रजिस्टरमध्ये त्याची सही झाली होती, माझ्या सहीची जागा रिकामी होती. पेन टेकवलं आणि उचललं. म्हटलं, "तू पाळकांना सांग, मी बरोबर येतो. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन."

दहा दिवस बोलला नाही. मग एका रात्री आला, "चल." पाळकांसमोर बोलत होता तो, पाय कापत होते माझे. पैसे फिटले. मैत्री आहे, पण पूर्वीची नाही, ते इथे गोड करून सांगणार नाही. प्रेषित पौलानेही यरुशलेमच्या गरिबांसाठीचं दान एकट्याच्या हाती ठेवलं नव्हतं, मंडळ्यांनी नेमलेला माणूस सोबत घेतला, कुणाला बोट ठेवायला जागा नको म्हणून (२ करिंथ ८). मला तो अध्याय आधी नुसता हिशेबी वाटायचा. दोन सह्या मित्रालाही वाचवतात, हे उशिरा कळलं.

*

माझं थोडक्यात. नवऱ्याच्या चुका बायबल अभ्यासात ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून सांगणं बंद केलं. चहाडीच होती ती.

*

थोडं वाकडं लिहितोय, राग मानू नका. "विश्वासू राहा" याचा अर्थ पुष्कळदा "प्रश्न विचारू नका" असा निघतो. मी एकदा सभेत खर्चाचा तपशील मागितला, तर मलाच बंडखोर ठरवलं. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला त्याचं पाप तोंडावर सांगितलं, तो मनुष्य तूच. आणि राजा म्हातारा झाल्यावर त्याचा मुलगा शलमोन याच्या बाजूने राजाच्या खोलीत जाऊन उभा राहणाराही नाथानच (१ राजे १). दोन्ही वेळा इमान एकच होतं. मंडळी मी सोडली नाही. तपशील अजून मागतोच आहे.

*

संडे स्कूलचा वर्ग मी न सांगता सोडला होता. वर्षाने परत गेलो, मान खाली घालून. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदा येतो: शिष्य पेत्र प्रभूला नाकारतो तिथे, आणि पुनरुत्थानानंतर प्रभू त्यालाही किनाऱ्यावर न्याहारीला बोलावतो तिथे. मला कुणी जाब विचारला नाही, नुसती हजेरीची वही हातात दिली. तेच जास्त लागलं.

*

आईला आता मी कोण ते आठवत नाही. सहा वर्षं झाली. पहिल्या वर्षी लोक यायचे, वचनं सांगून जायचे. आता एकच बाई येते, दर गुरुवारी दोन तास. उपदेश नाही, काही नाही. मी तेवढ्यात झोपून घेते.

निर्गम १७ मध्ये लढाई चालू असताना वर धरून ठेवलेले मोशेचे हात जड होतात, तर अहरोन आणि हूर त्याला धोंड्यावर बसवतात आणि दोन बाजूंनी हात धरून उभे राहतात, सूर्य मावळेपर्यंत. त्याचे हात ‘स्थिर’ राहिले असं सांगताना जो इब्री शब्द आला आहे, ‘एमुना’, तोच पुढे विश्वासूपणासाठी येतो. ‘आमेन’ही त्याच धातूचा.

गेल्या गुरुवारी बाहेर धो धो पाऊस. वाटलं, आज काही ती येत नाही. आली. छत्री मोरीत ठेवली आणि मला म्हणाली, "जा, पड." उठले तेव्हा ती आईची नखं कापत होती, एकेक बोट धरून.