मदत हवी आहे: वेचाईच्या नोंदी पडद्यावर सोप्या पद्धतीने कशा दाखवू? (पायथन, एसक्यूलाइट)

पऱ्हाटी

नमस्कार. मी बी.एससी.ला आहे, गाव यवतमाळ जिल्ह्यात, राळेगावकडे. पायथनमध्ये पहिलाच कामाचा प्रोग्राम लिहिते आहे आणि एका जागी अडले आहे.

माझी आई कापूस वेचणाऱ्या बायांची टोळी सांभाळते. संध्याकाळी वावराच्या धुऱ्यावर काटा लागतो, एकेकीचं गाठोडं मोजलं जातं आणि आई वहीत नाव आणि किलो लिहिते. वेचाई किलोवर असते, पैसे बाजाराच्या आदल्या दिवशी मिळतात. त्या दिवशी सगळ्या जणी आमच्या ओसरीवर येतात. "मंगळवारचे माह्ये किती लिवले, दाखव बरं," असं प्रत्येकीचं असतं, आणि ते बरोबरच आहे, पैसा त्यांच्या घामाचा आहे. पण एकीचे आकडे जमवायला वहीची सगळी पानं उलटावी लागतात, तोवर बाकीच्या ताटकळतात.

नोंदी एसक्यूलाइटमध्ये (एकाच फाइलीत राहणारा डेटाबेस) साठवण्याचं काम झालं आहे. एका टेबलात बायांची नावं आणि क्रमांक, दुसऱ्यात तारीख, कोणाचा क्रमांक, किती किलो. अडलं आहे ते दाखवण्यावर. फेचऑल करून, म्हणजे सगळ्या नोंदी एकदम काढून, सरळ प्रिंट केलं की कंस, अवतरणचिन्हं आणि स्वल्पविरामांची रांग येते. मला ती वाचता येते, ओसरीवर बसलेल्या बाईला नाही. मग रकान्यांना ठरावीक रुंदी दिली, तर 'कमल'ची ओळ नीट बसते आणि 'शेवंताबाई'च्या ओळीतले आकडे डावीकडे सरकतात. रुंदी दोन्हींना सारखीच दिली आहे.

शोधल्यावर टीकेइंटरची ट्रीव्ह्यू (पायथनच्या खिडकीतला तक्ता), एचटीएमएलचं पान (ब्राउझरमध्ये उघडणारं) आणि फ्लास्क (पायथनमधून वेबसाइट चालवायचं साधन) अशी नावं मिळाली. लॅपटॉप जुना आहे, नेटचा भरवसा नाही. यातलं सोपं आणि टिकाऊ काय? आणि ती ओळ का सरकते, तेही कोणी समजावलं तर बरं होईल.

जुना_प्रोग्रामर

ताई, आधी ओळ का सरकते ते बघू. पायथन रुंदी मोजताना डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजत नाही, युनिकोडचे तुकडे मोजतो. 'कमल'मध्ये तीन तुकडे, तीनच अक्षरं. 'शेवंताबाई'मध्ये आपल्याला दिसतात पाच अक्षरं, पण मात्रा, अनुस्वार, काना वेगळे धरून तुकडे होतात नऊ. पंधराची रुंदी दिली की तो नऊ वजा करून सहाच जागा सोडतो, म्हणून पुढचे आकडे अलीकडे येतात. तुमच्या कोडमध्ये चूक नाही.

टर्मिनलवरच, म्हणजे प्रिंट केलेलं दिसतं त्या खिडकीतच, राहायचं असेल तर साधा उपाय आहे: नाव शेवटच्या रकान्यात घ्या. तारीख आणि किलो आधी, आकडे एकाखाली एक बसतात, आणि नाव लांब असो की आखूड, त्याच्या पुढे सरकायला काही उरत नाही. तुम्हाला स्वतःला तपासायला एवढं पुरतं.

बायांना दाखवायला मात्र मी एचटीएमएलचं पान सुचवेन. फ्लास्क नको, त्याला सर्व्हर चालू ठेवावा लागतो आणि इथे एकाच लॅपटॉपवर एकच माणूस बघणार आहे. प्रोग्रामनेच एक फाइल लिहायची, त्यात टेबलचा टॅग, प्रत्येक नोंदीला एक ओळ, आणि पायथनसोबत येणाऱ्या वेबब्राउझर मॉड्यूलने ती उघडायची. नेट लागत नाही. जोडाक्षरं ब्राउझर नीट जुळवतो, अक्षर मोठं करायला कंट्रोल आणि अधिकचं बटण पुरतं, कागद हवा असेल तर तिथूनच प्रिंट निघते. फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं फाइलीत साठवायची पद्धत) यूटीएफ-८ आहे हे स्पष्ट लिहा आणि पानाच्या डोक्यातही तेच सांगा. विंडोजवर हे राहिलं तर बहुतेक वेळा देवनागरी लिहितानाच एरर येते.

आणि सगळ्या नोंदी दाखवू नका. एका बाईने विचारलं तर पडद्यावर तिचाच आठवडा दिसावा: वरती नाव ठळक, खाली दिवसागणिक किलो, शेवटी बेरीज. हे पायथनच्या लूपमध्ये करत बसण्यापेक्षा क्वेरीतच, म्हणजे डेटाबेसकडे नोंदी मागतानाच, करा. व्हेअरमध्ये तिचा क्रमांक आणि तारखा, ऑर्डर बायमध्ये तारीख. क्रमांक क्वेरीत थेट चिकटवू नका, प्रश्नचिन्ह ठेवून वेगळा द्या.

वर्धेकर

वरच्या काकांशी सहमत. दोन गोष्टी जोडतो, आमच्याकडेही कापूसच आहे.

दर नोंदीच्या टेबलातच ठेवा. पहिल्या वेचणीचा दर शेवटपर्यंत टिकत नाही. पऱ्हाटीवर (कापसाच्या झाडावर) बोंडं कमी राहिली की किलोमागे जास्त द्यावे लागतात. दर एकाच जागी लिहून तो बदलला, तर मागच्या आठवड्याचा हिशोबही नव्या दराने दिसेल आणि ओसरीवर भांडण होईल.

दुसरं, आठवड्याची एकत्र बेरीज काढताना ग्रुप बाय क्रमांकावर करा, नावावर नको. एका टोळीत दोन शांताबाई असतातच.

पऱ्हाटी

काका, दादा, मनापासून आभार. नाव शेवटी घेतल्यावर टर्मिनलवरचे आकडे सरळ आले. दराचा रकाना जोडला. पानही उघडतं आहे, आईने चष्मा न लावता वाचलं.

आता एकच विचारायचं आहे. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी साठवली आहे, पानावरही तशीच दिसते. बायांना वार हवा असतो, तारखेवरून त्या बोलतच नाहीत. साठवतानाच 'मंगळवार' लिहू का?

जुना_प्रोग्रामर

नाही, साठवण आहे तशीच ठेवा. वर्ष आधी असल्यामुळेच मजकूर म्हणून लावल्या तरी तारखा क्रमाने येतात आणि 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' बरोबर निघतं. वार फक्त दाखवताना काढा. एसक्यूलाइटच्या एसटीआरएफटाइमला (तारीख हव्या त्या रूपात देणारं फंक्शन) टक्का-डब्ल्यू दिलं की ० ते ६ असा आकडा मिळतो, ० म्हणजे रविवार. तो मजकूर म्हणून येतो, तेव्हा इंट करून घ्या. पायथनमध्ये सात वारांची यादी रविवारपासून करा आणि त्या आकड्याने वार उचला. पायथनचं स्वतःचं वीकडे वापरलंत तर तिथे ० म्हणजे सोमवार, दोन्ही मिसळू नका.

वाराच्या शेजारी लहान अक्षरात तारीखही राहू द्या. एखादीने मागच्या मंगळवारचं विचारलं तर कोणता मंगळवार ते लगेच दिसेल.

पऱ्हाटी

जमलं. सोमवार ते शनिवार एकाखाली एक, शेजारी तारीख, किलो, दर, रक्कम. एखादी बाई ज्या दिवशी आली नाही, तो दिवस पानावर येतच नाही. तिथे रेघ दाखवायची आहे, म्हणजे 'लिहायचं राहिलं का' हा प्रश्न उरणार नाही. सहा दिवसांची यादी आधी करून तिच्यात नोंदी शोधाव्यात असं वाटतं. आज रात्री लाईट राहिली तर करून बघते आणि इथेच लिहिते.