वायररोपच्या तपासणीत 'तूट' लिहू की 'घट'?

ट्रेनिंगसाठी मराठीत नोट्स काढतोय, विषय वायररोपची, म्हणजे पोलादी तारांच्या दोराची, मॅग्नेटिक तपासणी. म्हणजे दोर मशीनच्या एका हेडमधून सरकवत न्यायचा, हेडमधल्या जबरी मॅग्नेटमुळे तेवढा तुकडा चुंबकीय होतो, आतली एखादी तार तुटलेली असली की तिथून फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) बाहेर फुटतो आणि सेन्सर तो पकडतो. मशीन दोन रेघा काढतं. एकीवर तुटकी तार, गंजाचा खड्डा असले एका जागचे दोष, दुसरीवर पोलाद किती टक्के कमी झालंय ते. मी पहिलीला 'तूट' आणि दुसरीला 'झीज' लिहिलंय, चालेल का?

– तूट नको हो! तूट म्हटलं की बजेट नाहीतर वजनातली तूट आठवते, म्हणजे अर्थ उलटा दुसऱ्या रेघेकडेच जातो. आणि झीज घासून होते, गंजून पोलाद गेलं तर त्याला झीज कोण म्हणेल? तिथे 'घट' लिहा. पहिलीला सरळ 'तारतूट आणि खड्डे'.

– नुसतं 'रोप' पण लिहू नका, लोक झाडं लावायला येतील :)

बरं, घट. स्ट्रँडला 'पेड' ना?

– पेडच, तिपेडी वेणीतला. सहा गुणिले एकोणीसचा दोर म्हणजे सहा पेड, एकेका पेडात साधारण १९ तारा, मधे गाभा. १८३४ साली जर्मनीत हार्झ डोंगरातल्या खाणींसाठी तिथला खाण अधिकारी विल्हेल्म आल्बर्टने पहिला वायररोप वळला त्यात गाभा नव्हताच, तीन पेड आणि पेडात चार तारा, बस. 'ले', म्हणजे दोरात पेड वळलेले असतात ते वळण, त्याला पीळ म्हणा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, इथे मात्र गाभा खचला की दोर बारीक होतो आणि पीळ लांबतो, त्यामुळे व्यास मोजायचं सोडू नका, मशीन असलं तरी.

– आतल्या दोषाला 'खोट' कसं वाटतं? वरून ग्रीस लावून चकाचक आणि आत तारा एकमेकींवर घासून तुटलेल्या.

– नाही पटत. खोट मुळातलीच, नाण्यातली खोट म्हणतो तशी. ही तर वापरून वापरून आलीय. 'आतला दोष' पुरे.

पोलादाचा एवढा काथ्याकूट झाला खरा, पण उद्या वर्गात मी 'घट' म्हटलं की पोरं विचारणारच, सर म्हणजे एलएमए (लॉस ऑफ मेटॅलिक एरिया) ना?